मदत हवी आहे: क्रिएटिनिन ठीक, सिस्टॅटिन सी वाढलेलं, कोणता आकडा धरायचा?

आई, वय 71, मधुमेह 14 वर्षांपासून. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) 0.9, त्यावरून ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज; जास्त तितका चांगला) 68. दरवर्षी हेच ऐकत आलो, ‘किडनी छान आहे.’ पण आईच्या अंगात मांस उरलेलं नाही, दंड माझ्या मनगटाएवढा झालाय. क्रिएटिनिन स्नायूंतूनच येतं, म्हणजे स्नायू कमी असले की किडनी थकलेली असूनही आकडा चांगला दिसू शकतो. ही शंका मनातून जाईना, म्हणून सिस्टॅटिन सी (स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली किडनीची रक्त तपासणी) करून घेतलं. ते 1.3 आलं. त्यावरून ईजीएफआर 49, दोन्ही मिळून काढला तर 59. छातीत धस्स झालं.

लघवीतलं एसीआर (लघवीतून प्रथिन किती जातं ते) आधी 42 होतं, तेव्हा युरिन इन्फेक्शन होतं. ते बरं झाल्यावर 24. बीपी आटोक्यात, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) नॉर्मल, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 7.4. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे, पेनकिलर नाही.

अडचण अशी की सिस्टॅटिन सीच्या चार दिवस आधीच दम्यासाठी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा दहा दिवसांचा कोर्स संपला होता. स्टेरॉइडने सिस्टॅटिन सी वाढतं, हे नंतर वाचनात आलं. किडनीविकार म्हणायला बिघाड तीन महिने टिकलेला दिसावा लागतो, हे माहीत आहे. डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यात आहे. औषध आम्ही मनाने बदलणार नाही.

स्टेरॉइड थांबल्यावर किती आठवड्यांनी सिस्टॅटिन सी परत केलं तर आकडा भरवशाचा येईल? आणि तोवर मेटफॉर्मिनच्या डोससाठी 68 धरतात की 59?