शेवट आधी ठरलेली मालिका : 'बॅबिलॉन ५'ला स्मरणरंजन म्हणणाऱ्यांना उत्तर

दिगंतर :
गेल्या आठवड्यात निशाचर यांनी आपल्या आवडत्या दहा विज्ञानकथा आणि अद्भुतरम्य मालिकांची क्रमवारी दिली. पहिला क्रमांक 'द एक्स्पान्स'ला, दुसरा 'गेम ऑफ थ्रोन्स'ला, आणि एका अवकाशस्थानकावर घडणारी 'बॅबिलॉन ५' थेट यादीबाहेर. कारण म्हणून एकच वाक्य होते : "पुठ्ठ्याचे सेट आणि व्हिडिओ गेममधली वाटावीत अशी याने, स्मरणरंजनापलीकडे तिच्यात काही नाही." त्या वाक्याने माझे दोन दिवस स्वस्थतेत गेले नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी जपून वाचावे, कारण कथेतील काही गोष्टी सांगितल्याशिवाय माझा मुद्दा मांडता येणार नाही.

१९९६ साली मी अमेरिकेत शिकत होतो. वसतिगृहाच्या तळमजल्यावर सर्वांसाठी एकच दूरचित्रवाणी संच होता, आणि त्याच्यापुढे आठवड्यातून एकदा आम्ही सातआठ जण जमत असू. एरवी शेजारच्या खोलीतल्या माणसाचे नावही मला ठाऊक नसे, पण मालिकेतील लोंडो आणि जकार या दोन वैरी परग्रहवासी राजदूतांवरून आम्ही रात्री दोनपर्यंत भांडत असू. स्मरणरंजन म्हणाल तर ते एवढेच. बाकीचे सारे मालिकेतच आहे.

पाच पर्वांची कथा आणि तिचा शेवट आधीच आखून एकशे दहा भागांपैकी ब्याण्णव भाग जे. मायकेल स्ट्राझिन्स्की या एकाच माणसाने लिहिले. तिसरे आणि चौथे पर्व तर संपूर्ण त्याचेच. पहिल्या पर्वाच्या पहिल्याच भागात लोंडो आपले स्वप्न सांगतो की, म्हातारपणी आपण आणि जकारच्या जमातीतला एक नार्न एकमेकांचा गळा आवळून मरणार आहोत. ते दृश्य तिसऱ्या पर्वात आपल्याला प्रत्यक्ष दिसते, आणि तोवर त्या दोघांविषयीचे आपले मत इतके पालटलेले असते की, त्याच दृश्याचा अर्थ नेमका उलटा लागतो. प्रमुख नट मायकेल ओ'हेअर याला मानसिक आजारामुळे पहिल्या पर्वानंतर मालिका सोडावी लागली. स्ट्राझिन्स्कीने ते कारण २०१२ मध्ये त्या नटाचे निधन होईपर्यंत गुप्त ठेवले, आणि त्याच्या जाण्याने कथेत पडलेले खिंडार तिसऱ्या पर्वात त्यालाच दोन भागांपुरते परत आणून असे बुजवले की, ते मुळापासून तसेच ठरले होते असे वाटावे. हे ज्याला साधले, त्याची याने अमिगा या घरगुती संगणकावर काढलेली होती म्हणून त्याला यादीबाहेर ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

निशाचर :
दिगंतर, तुमचे प्रेम मला समजते, पण तुम्ही सोयीचे तेवढेच सांगितले आहे. पाच पर्वांचा आराखडा होता हे खरे, परंतु तो पाळला गेला का? पाचवे पर्व मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून ज्या महायुद्धासाठी तीन वर्षे वातावरण तापवले ते चौथ्या पर्वाच्या सहाव्याच भागात आटोपले. अखेरचा भागही त्याच वेळी चित्रित करून ठेवला. पुढे दुसऱ्या वाहिनीने पाचवे पर्व मंजूर केले तेव्हा दाखवायला उरले काय, तर मनकवड्यांचे ते कंटाळवाणे प्रकरण. याला काटेकोर नियोजन म्हणणे मला पटत नाही.

तांत्रिक बाजूविषयी मी जे लिहिले ते जसेच्या तसे कायम आहे. डीव्हीडीसाठी चित्र रुंद केले गेले तेव्हा मूळच्या चौकोनी चौकटीतील संगणकीय दृश्ये वरून-खालून कापून ताणली गेली, आणि मी पाहिली ती तीच धुरकट आवृत्ती. 'द एक्स्पान्स'मध्ये यानाचे मजले उंच इमारतीसारखे एकावर एक असतात, इंजिन चालू असेपर्यंतच माणसांना वजन असते आणि अर्ध्या वाटेवर यान उलटे फिरवून वेग कमी करावा लागतो. ही शिस्त कथेतील प्रत्येक निर्णयाला आकार देते. मी यंत्र अभियंता आहे, आणि आपल्या विषयाचा असा मान राखणारी मालिका मला आयुष्यात प्रथमच भेटली.

वाटसरू :
आपण दोघेही 'आराखडा' या एकाच कल्पनेला बांधले गेला आहात. १९८०च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मूळची 'स्टार ट्रेक' लागत असे. आमच्या वाड्यात तेव्हा एकच संच होता आणि त्याच्या मालकांना इंग्रजीचा गंध नव्हता, तरीही ते आम्हा मुलांसाठी दार उघडे ठेवत. १९६६ ते १९६९ या काळातील त्या एकूण ७९ भागांपैकी कोणताही एक भाग उचलावा आणि तो स्वतःच्या पायावर उभा असावा, याला मी लेखनाचे कौशल्य मानतो. दर वेळी यान ग्रहावर उतरवणे परवडणारे नव्हते, म्हणून माणसे क्षणात इकडून तिकडे पाठवणारे यंत्र कल्पिले गेले, आणि पैशांच्या तंगीतून आलेली ती युक्ती जगभराच्या कल्पनेत कायमची रुजली.

दुसरे असे की, निशाचर ज्या मालिकेला पहिला क्रमांक देतात ती 'द एक्स्पान्स'च अपुरी आहे. कादंबऱ्या नऊ आहेत आणि मालिकेत सहाच आल्या. सहाव्या पर्वात लकोनिया ग्रहावरची ती मुले दाखवून पुढे काय होते ते सांगितलेच नाही.

दिगंतर :
वाटसरू, 'स्टार ट्रेक'विषयी मला आदर आहे, पण एक जुने दुखणे सांगतोच. 'बॅबिलॉन ५'चा प्रस्ताव आधी 'स्टार ट्रेक' काढणाऱ्या पॅरामाउंट कंपनीकडे गेला होता. त्यांनी तो नाकारला, आणि पुढे त्यांचीच 'डीप स्पेस नाइन' ही नवी 'स्टार ट्रेक' मालिका जानेवारी १९९३ मध्ये, म्हणजे आमच्या चाचणी भागाच्या अवघा दीड महिना आधी, पडद्यावर आली. तिचेही कथानक एका अवकाशस्थानकावर घडते. चोरी झाली असे सिद्ध झालेले नाही, म्हणून मी तसा आरोप करणार नाही, पण त्या वेळी आम्हाला जे वाटले ते वाटलेच.

वाटसरू :
तेवढेच सांगू नका. दोन्ही बाजूंच्या चाहत्यांमधील वैर मिटावे म्हणून 'स्टार ट्रेक'चे जनक जीन रॉडेनबेरी यांच्या पत्नी मेजल बॅरेट १९९६ मध्ये स्वतः 'बॅबिलॉन ५'च्या एका भागात लोंडोच्या सेंटॉरी जमातीच्या सम्राटाच्या विधवेची भूमिका करून गेल्या होत्या. ज्यांनी भांडायचे त्यांनी समेट केला आणि आपण तीस वर्षांनंतरही तेच उगाळत बसलो आहोत.

पैलतीर :
तुम्ही सर्व जण याने आणि आराखडे मोजत आहात, तेव्हा मला वेगळेच विचारावेसे वाटते. 'बॅबिलॉन ५'मध्ये तेविसाव्या शतकातली पृथ्वी आहे, अडीच लाख रहिवाशांचे स्थानक आहे, आणि प्रमुख पात्रांत एकही भारतीय नाही. 'द एक्स्पान्स'मध्ये पृथ्वीचा कारभार पाहणारी भारतीय वंशाची क्रिसजेन अवसरला आहे. मी न्यू जर्सीत राहते. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना माझ्या मागून पडद्याकडे पाहत म्हणाली, "आई, आजीसारखी साडी नेसून ही सगळ्या पृथ्वीला ओरडते आहे." त्या संध्याकाळी तिने स्वतःहून पुण्याला आजीला फोन लावला. माझ्या दृष्टीने क्रमवारीचा प्रश्न तेथेच सुटला.

उल्का :
पैलतीर, तुमच्या मुलीचा आनंद खराच आहे, पण ती भूमिका केली आहे तेहरानमध्ये जन्मलेल्या शोहरे अगदाश्लू यांनी. अभिनेत्री म्हणून त्या असामान्य आहेत, याबद्दल वाद नाही. मात्र हे प्रत्येक वेळी असेच होत आले आहे. १९६७ मध्ये 'स्टार ट्रेक'मधील खान नूनियन सिंग हा उत्तर भारतातील, बहुधा शीख असावा, असे कथेतच म्हटले होते आणि भूमिका मिळाली मेक्सिकोच्या रिकार्डो मोंतालबान यांना. २०१३ मध्ये तोच खान बेनेडिक्ट कंबरबॅच यांनी केला. '२०१०' या १९८४ सालच्या चित्रपटात डॉ. चंद्रा झाले बॉब बालाबान. उलट आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा १९७९ च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात झळकली तेव्हा तिचे केस उतरवून तिला परग्रहवासी केले गेले. भारतीय पात्र असेल तर नट दुसरा, आणि नट भारतीय असेल तर पात्र परग्रहावरचे, हा हिशेब मला अजूनही सलतो. मी स्वतः पंधरा वर्षे रंगभूमीवर काम करते, त्यामुळे नाकारले जाणे कसे असते हे मला कोणी सांगायला नको.

पैलतीर :
उल्का, साडी दिसली की पोट भरते असे मी म्हटलेले नाही. पण हे शेकडो भारतीय नटांत बसून पाहणे वेगळे आणि वर्गात एकटीच सावळी मुलगी असताना पाहणे वेगळे. तुमच्या तत्त्वासाठी माझ्या मुलीने काय अवसरलाकडे पाठ फिरवायची होती?

उल्का :
मी तसे कोठेही म्हटलेले नाही, आणि माझ्या तोंडी ते घालू नये ही विनंती. परदेशात राहणाऱ्यांना पडद्यावर आपले कपडे दिसले तरी पुरते. आम्हाला काम हवे आहे. या दोन गरजा वेगळ्या आहेत.

पैलतीर :
"परदेशात राहणाऱ्यांना" हे शब्द मागे घ्यावेत. आमच्या गरजा किती थोड्यात भागतात हे ठरवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? वीस वर्षे प्रत्येक नव्या ओळखीत मी माझ्या आडनावाचा उच्चार दुरुस्त करते आहे.

वाटसरू :
दोघींनीही जरा थांबावे. ज्या पहिल्या कथेतून 'डॉक्टर हू' १९६३ साली सुरू झाली, तिचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौत जन्मलेले होते. पडद्यामागे आपली माणसे पहिल्या दिवसापासून होती. पडद्यावर येण्यास मात्र फार उशीर झाला, आणि या बाबतीत उल्का यांचा राग मला योग्य वाटतो, मग तो चुकीच्या व्यक्तीवर निघाला असला तरी.

उल्का :
ते शब्द मी मागे घेते. बाकीचे विधान मागे घेत नाही.

गणितवेडा :
निशाचर यांनी 'द एक्स्पान्स'च्या विज्ञानशिस्तीचा उल्लेख केला म्हणून लिहितो. कथेत सेरेस हा लघुग्रह फिरवून त्याच्या आत पृथ्वीच्या ३० टक्के वजन निर्माण केले आहे. सेरेसची त्रिज्या सुमारे ४७० किलोमीटर आहे. विषुववृत्तापाशी तेवढे वजन मिळवायचे तर त्याला सुमारे ४२ मिनिटांत एक फेरी घ्यावी लागेल. प्रत्यक्षात त्याला नऊ तास लागतात, आणि त्याचे स्वतःचे गुरुत्व पृथ्वीच्या तीन टक्क्यांहून कमी आहे. बाहेर फेकणारा जोर धरून ठेवणाऱ्या जोराच्या दहापट झाला, तर बर्फ आणि मातीचा तो गोळा एकसंध राहणार नाही. याउलट 'बॅबिलॉन ५'चे आठ किलोमीटर लांबीचे फिरते धातूचे नळकांडे तत्त्वतः शक्य आहे. तिची लढाऊ यानेही विमानासारखी वळत नाहीत. वेग कायम ठेवून जागच्या जागी तोंड फिरवतात. हे १९९४ मध्ये दाखवले गेले होते.

निशाचर :
सेरेसचा हिशेब मी रात्री स्वतः करून पाहिला. तो बरोबर आहे. मला तो आवडलेला नाही, पण बरोबर आहे. लढाऊ यानांविषयीही मी अज्ञानातून लिहिले होते, हे मान्य करतो. मनकवड्यांच्या प्रकरणाविषयी मात्र एक अक्षरही मागे घेणार नाही.

सांजवात :
मी येथे सहसा लिहीत नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा शेवट बिघडला म्हणून सगळी मालिकाच वाया गेली, असे इतरत्र वारंवार वाचते. अखेरच्या पर्वाचे सहाच भाग घाईघाईने उरकले, ते पुन्हा चित्रित करावे म्हणून दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या, हे सर्व मला ठाऊक आहे आणि त्यातले बरेचसे पटतेही.

माझे वडील निवृत्त शिक्षक होते. त्यांच्या डायलिसिसच्या दिवसांत आम्ही दोघांनी पहिल्यापासून सातव्या पर्वापर्यंतचे सर्व ६७ भाग पाहिले. इंग्रजी उच्चार त्यांना कळत नसत, म्हणून मी प्रत्येक भाग थांबवून मराठीत सांगत असे, आणि ते घराण्यांची वंशावळ वहीत काढत. टिरियन आपल्या बापासमोर उभा राहून बोलतो त्या न्यायसभेनंतर ते बराच वेळ गप्प बसले होते. २०१८ च्या हिवाळ्यात ते गेले. आठवे पर्व पुढच्या एप्रिलमध्ये आले आणि मी ते एकटीने पाहिले. बाबांना ही मालिका अपुरी मिळाली की अधिक चांगली मिळाली, याचे उत्तर माझ्याकडे नाही. पण शेवटावरून सगळ्या मालिकेची किंमत ठरते असे दिगंतर यांचे म्हणणे असेल, तर त्या वहीची किंमत काय धरायची?

दिगंतर :
सांजवात, तुमचे लिहिलेले वाचून मी दिवसभर उत्तर दिले नाही. शेवट आधी ठरलेला असणे हा लेखकाचा गुण आहे, एवढे मी अजूनही म्हणतो. प्रेक्षकाने मालिकेचे मोल केवळ त्यावरून ठरवावे, असे माझ्या पहिल्या लिखाणातून ध्वनित झाले असेल तर ती माझी चूक आहे. पैलतीर यांच्या आक्षेपालाही माझ्याकडे उत्तर नाही. इतकी वर्षे ती मालिका पाहूनही ही उणीव माझ्या लक्षात आली नव्हती, याची मला खंत वाटते.

निशाचर यांना मात्र एक विनंती आहे. २०२१ मध्ये मूळच्या चौकोनी चौकटीत स्वच्छ केलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली आहे. ती पाहावी आणि मग बोलावे.

निशाचर :
पहिले पर्व संपवले. सेट अजूनही पुठ्ठ्याचेच वाटतात आणि निम्मे भाग मी उगाचच पाहिले असे माझे मत झाले आहे. लोंडोवर मात्र माझा विलक्षण राग आहे. हसतखेळत वावरणारा हा माणूस कोणाला काय देऊन बसला आहे हे त्याला स्वतःला तरी कळते का? याचे उत्तर कोणी देऊ नये.

दिगंतर :
देत नाही. दुसऱ्या पर्वाच्या विसाव्या भागात तो एका खिडकीपाशी उभा राहील. तो भाग रात्री, दिवे मालवून पाहा, आणि त्यानंतर येथे लिहा.