देणगीतली २३० पुस्तकं: ठेवायची कोणती, काढायची कोणती?

देवघेव खिडकी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ग्रंथपाल आहे. 'ब' वर्गाचं वाचनालय, एक मोठी खोली, अकरा कपाटं. गेल्या महिन्यात गावातल्या एका हिशेबनिसांच्या पत्नी आल्या. ते जाऊन वर्ष झालं. म्हणाल्या, "ह्यांची पुस्तकं तुम्हाला द्यायची आहेत, पण एकत्र ठेवणार असाल तरच."

चार पेट्या आल्या. मोजली तर २३०. त्यातली ९५ हिशेबाची आणि धंद्याची: जमाखर्च, लेखापरीक्षण, उत्पादनखर्च, दुकान कसं चालवावं इथपर्यंत. ७४ इतिहासाची, बहुतेक मराठेशाहीची, थोडी व्हेनिसच्या व्यापाराची आणि ईस्ट इंडिया कंपनीची. उरलेली ६१ बघून मी खाली बसलेच. चेटकिणी, भुयारं, अजगर यांच्या कल्पित जगातल्या खेळांची नियमपुस्तकं! चारपाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि फासे टाकून काय घडलं ते ठरवतात, असा तो खेळ. एका पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर त्या हिशेबनीस काकांनी शिसपेन्सिलीने आपल्या पात्राचा हिशेब मांडलाय. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. मशाली ६, दोरखंड १, सोन्याची नाणी ४०, खेचराचा चारा तीन दिवसांचा. खाली रेघ मारून शिल्लक, आणि शिल्लकेखाली दोन रेघा.

कार्यकारिणीचं मत पडलं की इतिहासाची ठेवा, बाकीची रद्दीत द्या, आलेले पैसे वर्तमानपत्रांच्या बिलात वळते करा. कपाट एकच रिकामं आहे हे खरं. पण मला हे पटलेलं नाही. २३०च्या २३० पुस्तकं त्याच कपाटात, एकत्र राहावीत असं मला मनापासून वाटतं. पुढच्या रविवारी पुन्हा बैठक आहे. तुमचं मत सांगा, विरोधातलं असलं तरी सांगा.

ताळेबंद

ताई, तुमची तळमळ समजते, पण मी विरोधात आहे. बावीस वर्षं करसल्ल्याचं काम करतो म्हणून सांगतो. त्या ९५ पुस्तकांच्या छपाईची सालं बघा. १९५६च्या कंपनी कायद्यावर बेतलेलं पुस्तक आज उपयोगाचं नाही, त्याची जागा २०१३च्या कायद्याने घेतली. व्हॅट, सेवाकर, उत्पादनशुल्क यांचं बहुतेक सगळं १ जुलै २०१७ला जीएसटीत गेलं (पेट्रोल-दारू सोडून). आता १९६१चा आयकर कायदाही बदलला, १ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा कायदा.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा उमेदवारीला आला होता. हुशार, कष्टाळू. गावच्या वाचनालयातून आणलेल्या जुन्या पुस्तकावरून त्याने सेवाकराचे दर तोंडपाठ केले होते. चार महिने! त्याला "हे सगळं रद्द झालंय रे" असं सांगताना मला कसं वाटलं असेल ते बघा. शहरातल्या मुलाला कोणीतरी सांगतं, गावातल्या मुलाचा पुस्तकावर विश्वास असतो. रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले त्यातला चौथा हाच आहे ना, वाचकाचा वेळ वाचवा? कालबाह्य हिशेबाचं पुस्तक वाचकाचा वेळ खातं.

खतावणीवाला

त्याच पाच नियमांतला तिसराही सांगा की ताळेबंदसाहेब. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक.

कायदा आणि हिशेब या दोन गोष्टी आहेत. मी मार्केट यार्डात अडतीच्या पेढीवर तीस वर्षं दिवाणजी होतो. पहाटे गूळ उतरला की टिपणवहीत नोंद, दुपारी ती रोजकिर्दीत (तारखेवार), संध्याकाळी रोजकिर्दीतून खतावणीत (खातेवार). शेतकऱ्याची पट्टी करताना हमाली, तोलाई वजा जाता हातात काय राहिलं ते पैशापैशाने जुळलं पाहिजे, कारण समोर बसलेला माणूस वर्षभराची मेहनत घेऊन आलेला असतो. दर बदलले, कर बदलले, ही रीत बदलली नाही.

आणि रीत किती जुनी? लुका पाचोली नावाच्या ख्रिस्ती साधूने १४९४मध्ये व्हेनिसमध्ये गणिताचा जाडजूड ग्रंथ छापला. त्यातल्या एका भागात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहायची पद्धत लिहून ठेवली. पद्धत त्याने शोधली नाही, व्यापारी आधीपासून वापरतच होते. त्याने सांगितलेल्या वह्या तीन: टिपणवही, रोजकीर्द, खतावणी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पेढीवरच्या माझ्या तीन वह्यांकडे बघत बसलो होतो.

आता खेळाबद्दल. त्याच ग्रंथात पाचोलीने एक कोडं घातलंय. दोन संघ चेंडू खेळतायत, ६० गुणांवर डाव, एका फेरीचे १० गुण, पैज १० डुकाटांची (सोन्याच्या नाण्यांची). ५० विरुद्ध २० असताना खेळ बंद पडला. पैसे कसे वाटायचे? पाचोली म्हणाला पाचास दोन. ते चुकलं. बरोबर उत्तराची वाट १६५४मध्ये पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या पत्रव्यवहारातून सापडली आणि त्यातून संभाव्यतेचं गणित उभं राहिलं. आज विमा कंपनी हप्ता ठरवते ती त्याच गणितावर. याच पाचोलीने बुद्धिबळावरही लिहिलं होतं, ते हस्तलिखित इटलीत गोरित्सियाला २००६मध्ये सापडलं. हिशेब आणि खेळ पाचशे वर्षांपूर्वी एका माणसाच्या टेबलावर होते, आणि आपण त्यांना एका कपाटात ठेवायला घाबरतोय.

नववीतला

काका, पाचास दोन चूक कसं? बरोबर किती?

खतावणीवाला

बाळ, किती गुण झाले ते नको बघूस, किती राहिले ते बघ. पहिल्याला एक फेरी हवी, दुसऱ्याला लागोपाठ चार. दोघांची ताकद सारखी धरली तर चारही फेऱ्या दुसऱ्यानेच जिंकायची शक्यता अर्धा गुणिले अर्धा चार वेळा, म्हणजे १६त १. तेव्हा वाटणी पंधरास एक. नाणं उडवून घरी करून बघ.

मास्तर, इतिहास

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. हिशेबाची पुस्तकं इतिहासाच्या शेजारी ठेवायला माझी हरकत नाही, उलट आग्रह आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या रुमालांत बांधलेले मोडी कागद बहुतांशी जमाखर्चाचेच आहेत. रोजकिर्दी, ताळेबंद, तेरजा. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्या दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले, पण हिशेबाचे रुमाल त्याहून कितीतरी पट. फौजेला किती दाणा लागला, किल्ल्याच्या डागडुजीला चुना कुठून आला, कुठल्या साली कुठल्या गावाला सूट दिली, हे बखरीत मिळत नाही. ते किर्दीत मिळतं. १४ जानेवारी १७६१च्या पानिपताची बातमी नानासाहेबांना कळली तीही सावकारी पत्राच्या भाषेत. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, अशा अर्थाचं ते पत्र. विश्वासराव आणि भाऊसाहेब ही ती दोन मोत्ये. हे वर्गात सांगतो तेव्हा दरवर्षी माझाच आवाज कापतो.

आणि म्हणूनच ती ६१ पुस्तकं त्या कपाटात नकोत. आपल्याकडे इतिहास आणि दंतकथा यांची सरमिसळ आधीच फार झाली आहे. मुलं उत्तरपत्रिकेत मालिकेतले संवाद लिहितात. मोबाइलवर आलेला मजकूर पुरावा म्हणून दाखवतात. कागद कुठला, कोणी लिहिला, कधी लिहिला हे विचारायची सवय लावता लावता आमचं आयुष्य जातं. त्यात चिलखत घातलेला जादूगार आणि शिलेदार एका फळीवर आले तर मुलाने फरक कसा ओळखायचा? खेळ वाईट आहे असं मी म्हणत नाही. जागा चुकतेय.

वीस बाजू

मास्तर, तुमची काळजी खरी आहे. पण मी दहा वर्षं पुण्यात हे खेळ खेळतोय, दर शनिवारी, पाच जण. माझा अनुभव नेमका उलटा आहे.

हा खेळ आला कुठून ते आधी बघा. १८२४मध्ये प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ स्वीकारला. त्यात फासे होते आणि निर्णय देणारा पंच होता. पुढे हौशी लोक खेळण्यातल्या शिशाच्या सैनिकांवर लढाया खेळू लागले. अशाच हौशी मंडळींतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४मध्ये अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, बस्स. पलटण काढून त्या जागी एकेक माणूस ठेवला, एवढाच मोठा बदल. म्हणजे या खेळाची मुळं लष्करी इतिहासाच्या अभ्यासात आहेत.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पानिपतावर बेतलेला डाव मांडला. राक्षस नाहीत, जादू नाही. माझ्याकडे भाऊसाहेबांच्या छावणीतल्या कोठीवाल्याचं काम. दर फेरीला दाणा किती, बैल किती, तोंडं किती ते मी लिहायचो. रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची वाट तुटली, त्यानंतर माझ्या वहीत जमेच्या बाजूला काही येईचना. नुसता खर्च. सहाव्या फेरीला मी म्हटलं, लढा नाहीतर उपाशी मरा. शाळेत "अन्नधान्याची टंचाई" असं एका ओळीत पाठ केलं होतं ते त्या रात्री पोटात कळलं. दुसऱ्या दिवशी मी पानिपतावरची मूळ पत्रं शोधायला लागलो. काकांच्या त्या शेवटच्या पानावरचा खेचराचा चारा म्हणजे हेच आहे हो.

मास्तर, इतिहास

तुम्ही मोठे आहात. पत्रं शोधायला गेलात. सहावीतला मुलगा जाईल का? तुमच्या डावात भाऊसाहेब जिंकले असते तर त्याच्या डोक्यात काय राहिलं असतं?

वीस बाजू

"खरं काय झालं होतं?" हा प्रश्न राहिला असता. तो तुमच्याकडे घेऊन आला असता.

दोन लेकरांची आई

मी वेगळंच बोलते. आमच्या गावच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेची पुस्तकं एकेक प्रत असतात, मुलं नंबर लावतात. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे मैदानावर, दुपारी वाचनालयात. त्यांना बसायला खुर्ची नाही आणि आपण इंग्रजी खेळांना कपाट द्यायचं म्हणतोय. माझा थोरला इंग्रजी पुस्तक उघडतो आणि दुसऱ्या पानावर मिटतो. ही ६१ पुस्तकं तालुक्यात वाचणार कोण? हे सगळं पुण्या-मुंबईच्या पोरांचं.

वीस बाजू

ताई, मी मूळचा बार्शीचा, मराठी माध्यमातला. १९८२मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांनी एकट्याने खेळायच्या पुस्तकांची एक मालिका सुरू केली होती. पहिल्या पुस्तकात क्रमांक घातलेले ४०० परिच्छेद. "डावीकडे वळायचं असेल तर अमुक परिच्छेदावर जा." दोन फासे आणि पेन्सिल, बाकी काही नको. मामाने जुन्या बाजारातून आणलेलं तसलं एक पुस्तक मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं, कारण शब्द कळला नाही तर माझा माणूस मरायचा. परिच्छेद चार ओळींचा असतो. पान मिटायच्या आत संपतो. थोरल्याला एकदा देऊन बघा.

दोन लेकरांची आई

बघते देऊन. मोबाइल लागत नाही ही गोष्ट मला आवडली. पण खुर्चीचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. कपाटाआधी खुर्च्या.

ताळेबंद

खतावणीवाल्यांचं वाचून मी घरातली जुनी पुस्तकं काढून बसलो. त्यांचं अर्धं म्हणणं मान्य. रीत शिकवणारं पुस्तक शिळं होत नाही. उत्पादनखर्च काढणं, घसारा का धरायचा, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची गोळाबेरीज) का जुळत नाही, हे १९७०च्या पुस्तकातही तितकंच नीट शिकता येतं. उलट जुन्या मराठी पुस्तकांत उदाहरणं जास्त चांगली असतात, पिठाची गिरणी, दूध संस्था अशी. पण करांची आणि कंपनी कायद्याची पुस्तकं उघड्या कपाटात ठेवायला मी शेवटपर्यंत विरोध करीन. ताई, मी सांगलीतच असतो. शनिवारी येऊन ९५ची ९५ चाळून देतो. कायद्याची वेगळी काढू. त्यांच्या पहिल्या पानावर "हा कायदा आता लागू नाही" असा शिक्का मारा आणि साल लिहा. त्या मुलासारखं परत कोणी रद्द झालेले दर पाठ करत बसायला नको.

देवघेव खिडकी

सगळ्यांचे आभार. ताळेबंद सर, शनिवारी नक्की या, मी दहा वाजता उघडते. शिक्का करायला टाकलाय.

मास्तर, तुमचं म्हणणं दोन दिवस डोक्यात घोळतंय. विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूई वर्गीकरणाच्या क्रमाने लावलं तर हिशेब ६५७ला, हे खेळ ७९३ला आणि इतिहास ९००च्या पुढे, म्हणजे शिस्तीने गेलं तरी तिघांची कपाटं वेगळी होतात. पण काकूंना मी शब्द दिलाय. म्हणून एकच कपाट, फळ्या वेगळ्या, आणि मधल्या फळीवर ठळक पाटी: "ही पुस्तकं कल्पित जगाची आहेत." तुम्हाला तरीही पटणार नाही हे ठाऊक आहे. बैठकीला आलात तर तुमचा विरोध इतिवृत्तात लिहून घेईन.

खुर्च्यांचा विषयही मांडते. काकांच्या पेट्या चांगल्या सागवानी आहेत, उलट्या घातल्या तर दोन बाकं होतील.

एक अडचण राहिलीच. चौथ्या पेटीच्या तळाशी कापडी पिशवीत सात फासे निघाले, एक वीस बाजूंचा. त्याच्या कडा घासून गुळगुळीत झाल्यात. पुस्तकांबरोबर तेही वाचकाला द्यावे लागतील, पण दाखल नोंदवही पुस्तकांची, तिच्यात फासे चढवता येत नाहीत. काय करू?

खतावणीवाला

जडसंग्रह नोंदवहीत (कपाटं-खुर्च्यांसारख्या वस्तूंच्या) घ्या. "फासे, नग ७, देणगी, किंमत शून्य." आणि शेरा रकान्यात काकांचं नाव लिहा.