वलयातला एकच अणू बदलायचा: औषधशोधात कामाचं की नुसती करामत?

चंबूवाली:
२०२५ मध्ये झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या रसायनज्ञ मोरांडी यांच्या गटाने एन-अल्किल इंडोलमधला (नायट्रोजनवर कार्बन साखळी असलेलं, औषधांत नेहमी दिसणारं दुहेरी वलय) एक कार्बन काढून तिथे नायट्रोजन बसवला आणि थेट बेंझिमिडाझोल (तसंच, पण एक नायट्रोजन जास्त असलेलं वलय) मिळवलं. लागतं काय, तर पीआयडीए (आयोडीन असलेला ऑक्सिडीकारक) आणि अमोनियम कार्बामेट (यातून अमोनिया मिळतो), दोन्ही विकत मिळणारी. वलय उघडतं, तिसऱ्या स्थानावरचा कार्बन अमाइडमध्ये जाऊन हॉफमनसारख्या पुनर्रचनेत (अमाइडचा कार्बन गाळणारी अभिक्रिया) गळतो, अमोनियातला नायट्रोजन त्याची जागा घेतो आणि वलय परत मिटतं. सीएच गेला, एन आला. रेणूभार एकाने वाढला, पण प्रथिनाशी हायड्रोजन बंध जोडायला नवी जागा मिळाली. एवढ्या एका नायट्रोजनसाठी आजवर पहिल्या पायरीपासून रूट (रेणू बनवायचा मार्ग) बसवावा लागायचा, म्हणून तो रेणू बहुतेक कोणी करूनच बघत नसे. सिल्डेनाफिल (व्हायाग्रा) आणि त्याच प्रकारचं औषध वार्डेनाफिल शेजारी शेजारी काढून बघा, दुहेरी वलयात एका कार्बन-नायट्रोजनची जागा काय ती बदललीय (आणि पायपरझीनवर मिथाइलऐवजी इथाइल). माझ्या मते प्रत्येक मेडकेम (औषधरसायन) लॅबने हे हाताखालून घालावं.

रिॲक्टरवाला:
असहमत. वार्डेनाफिलचं वलय बायर या औषधकंपनीने नव्यानेच बांधलं होतं, अदलाबदल करून नव्हे. म्हणजे तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं. प्लँटवर बेंझिमिडाझोल म्हणजे ऑर्थो-फेनिलीनडायमिन आणि फॉर्मिक आम्ल, बाहेर पडतं पाणी. इथे एक मोल पीआयडीए म्हणजे ३२२ ग्रॅम, त्यातून २०४ ग्रॅम आयोडोबेंझिन कचऱ्यात. आणि एका मोलवर भागतही नाही.

चंबूवाली:
टनाचा हिशेब मिलिग्रॅमला कशाला? ॲसेला (औषधाचा परिणाम बघायच्या चाचणीला) ५ मिलिग्रॅम पुरतात. त्यासाठी कोण डायमिनपासून सुरुवात करणार?

ट्रिप्टोफॅन:
कचरा राहू द्या, मूळ अडचण वेगळीच आहे. तिसऱ्या स्थानावरचा कार्बन जातो, मग त्याला लटकलेली साखळी कुठे राहणार? औषधांतल्या कितीतरी इंडोलची सगळी मजा त्याच साखळीत असते. अर्धशिशीवरचं सुमाट्रिप्टान काढून बघा. साखळी गेली की उरलं काय! शिवाय रेणूत फिनॉल किंवा सल्फाइड असेल तर पीआयडीए आधी त्यावरच तुटून पडणार.

चंबूवाली:
सुमाट्रिप्टानला नाहीच लागू, मी कुठे म्हटलं? पण बेंझिन वलयावरचं सगळं जागच्या जागी राहतं, आणि मोकळं तिसरं स्थान असलेले मधल्या टप्प्यांवरचे रेणू फ्रीझरमध्ये पडून असतातच. शिवाय ही एकच पद्धत नाही. शिकागोच्या लेव्हिन यांच्या गटाने २०२३ मध्ये क्विनोलीन एन-ऑक्साइडपासून प्रकाश, ओझोन आणि अमोनिया वापरून क्विनाझोलीन केलं, म्हणजे तिथेही कार्बनच्या जागी नायट्रोजन.

रिॲक्टरवाला:
ओझोन! सेफ्टीवाल्यांना सांगून बघा एकदा. बाकी पायरोलच्या पाच अणूंच्या वलयात क्लोरोफॉर्ममधला कार्बन घुसवून सहा अणूंचं क्लोरोपिरिडीन करणं चामिचान आणि डेनस्टेट यांनी १८८१ मध्येच दाखवलं होतं. त्यावर कारखाने उभे राहिले का?

ट्रिप्टोफॅन:
कारखाना हा निकष शोधाला लावणं मलाही पटत नाही. माझा आक्षेप एवढाच की पेपरातल्या तक्त्यात नापास सबस्ट्रेट (ज्यांच्यावर अभिक्रिया करून पाहिली ते रेणू) आधी वाचावेत, पास झालेले नंतर.

रिॲक्टरवाला:
बरं, ५ मिलिग्रॅमपुरतं मान्य. त्यातला एखादा रेणू पुढे गेला की किलोचा रूट मागायला आमच्याकडेच याल, तेव्हा मी डायमिनच काढणार.