उसाचे वाढे, क्षार मिश्रण आणि चुन्याची निवळी : गाभण गाईबाबत मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी वाळवा तालुक्यातील शेतकरी असून माझ्याकडे चार एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई आहेत. गेल्या गळीत हंगामात चौथ्या वेताची गाय व्याली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गव्हाणीपाशी बसली, ती उठेना. कान गार पडले होते आणि मान पोटाकडे वळवलेली होती. डॉक्टरांनी दुग्धज्वर (व्याल्यावर रक्तातील कॅल्शियम घटून होणारा आजार) ओळखून शिरेतून कॅल्शियम सावकाश सोडले, तेव्हा तासाभरात ती उभी राहिली. मला कोडे पडले ते असे, की त्या गाईला गाभणपणात मी रोज ५० ग्रॅम क्षार मिश्रण न चुकता देत होतो.

नंतर समजले, की वाढ्यातील, म्हणजे उसाच्या शेंड्याकडील हिरव्या पाल्यातील, ऑक्झालेट कॅल्शियमला धरून ठेवते, त्याचा न विरघळणारा क्षार बनतो आणि तो शेणावाटे निघून जातो. हंगामात आमच्याकडे वैरण म्हणजे वाढेच. शेजारचे वडीलधारे म्हणतात, ही कॅल्शियमची तूट भरून काढायला कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडा. उलट डॉक्टरांचे म्हणणे, की व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत कॅल्शियम जास्त गेले, तर हाडांतून ते काढून घेण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते आणि चिकासाठी एकदम मागणी वाढली की वेळेवर कामाला लागत नाही. दोन्ही म्हणणी पटतात, म्हणूनच अडचण आहे.

शिवाय पोटात आम्ल वाढू नये म्हणून मी सर्वच गाईंना पेंडीतून खाण्याचा सोडा देत होतो, त्यात ही गाभण गायही आली. सोड्याने रक्त अल्कधर्मी होऊन दुग्धज्वराचा धोका वाढतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आता तो तिच्यापुरता बंद केला आहे.

हीच गाय पुन्हा आठ महिन्यांची गाभण असून आटवली आहे. तिला निवळी आताच थांबवावी, की वाढे चालू आहे तोवर थोडी द्यावी? शेवटच्या तीन आठवड्यांसाठी डॉक्टरांनी सुचवलेले ॲनायनिक (सोड्याच्या उलट, रक्ताची अल्कता कमी करणारे) क्षार मिश्रण दिले, तर नेहमीचे मिश्रण पूर्ण बंद करावे का? त्या काळापुरता जतहून शाळूचा कडबा आणता येईल, पण भाडे धरून तो एकाच गाईला परवडेल. बाकीच्या तिघींचे वाढे बंद करणे शक्य नाही, हे लक्षात घेऊन अनुभवी पशुपालकांनी आणि पशुवैद्यकांनी कृपया सांगावे.