सह्याद्रिखंडाच्या हस्तलिखितांविषयी मदत हवी आहे

नमस्कार. मी फोंड्याची असून संस्कृत विषयात एम. ए. केले आहे आणि पीएच. डी.साठी सह्याद्रिखंडातील गोमंतकाविषयीच्या अध्यायांचे पाठभेद (निरनिराळ्या प्रतींतील मजकुराचे फरक) अभ्यासण्याचा विचार करीत आहे. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. जर्सन द कुन्हा यांनी संपादित केलेली, १८७७ साली मुंबईत छापलेली आवृत्ती माझ्या वाचनात आहे. स्कंदपुराणाचा भाग म्हणून ओळखला जाणारा हा ग्रंथ एकाच लेखकाच्या हातचा नसावा, असे वाचताना सतत वाटत राहते. त्रिहोत्रपुराहून (हे बिहारमधील तिरहुत मानले जाते) दहा गोत्रांचे ब्राह्मण परशुरामाने गोमंतकात आणून वसविल्याच्या कथेपाशी तर विशेषच. आजोळच्या पोथीत याच प्रसंगाशेजारी समासात वेगळ्या शाईने आणि वेगळ्या हाताने काही श्लोक घातलेले आहेत, जे मुद्रित प्रतीत मला सापडले नाहीत. (ज्ञातींचा मानापमान गुंतलेला असल्याने असे भर घालणे स्वाभाविकच म्हणायचे.)

या ग्रंथाची हस्तलिखिते गोव्यातील कोणत्या मठांत वा घराण्यांत पाहावयास मिळतील, छायाचित्रे घेण्याची परवानगी कोणाकडे मागावी आणि गोव्यात पूर्वी वापरात असलेली गोयकानडी लिपी वाचावयास कोण शिकवू शकेल, हे कृपया कळवावे. पाठचिकित्सेचा अनुभव असलेले मार्गदर्शक पुण्यात असले तरी चालतील. पोथी घराबाहेर नेण्याचा माझा आग्रह नाही. जागेवर बसून नकलून घेईन.