संहितेविना नाटक उभे करणे ही पळवाट नव्हे

तालीम_रोज: या गटातील एका ज्येष्ठ सदस्यांनी काल लिहिले की, ‘फिजिकल थिएटरच्या नावाखाली शनिवार-रविवारच्या शिबिरांत मुले जमिनीवर लोळतात, कोणी झाड होते, कोणी लाट होते, आणि लेखक मिळाला नाही की त्यालाच डिव्हाइज्ड नाटक म्हणतात.’ बऱ्याच जणांनी त्याला दुजोरा दिला, म्हणून हे सविस्तर उत्तर. फिजिकल थिएटर म्हणजे मुख्यतः शरीराच्या हालचालींतून घडणारे नाटक, आणि डिव्हाइज्ड म्हणजे तयार संहितेऐवजी गटाने तालमीतच रचलेले.

फ्रेंच नाट्यशिक्षक झाक लकॉक यांनी १९५६ साली पॅरिसमध्ये सुरू केलेल्या शाळेतला अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. तिथे विद्यार्थी आधी तटस्थ मुखवटा घालून काम करतो. त्या चामड्याच्या मुखवट्यावर कोणताही भाव नसतो, त्यामुळे नटाला चेहऱ्याने वेळ मारून नेता येत नाही. दूर जाणाऱ्या जहाजाला निरोप देण्याचा प्रसंग घ्या. श्वास हात उचलण्याआधी घेतला की नंतर, आधी छाती वळली की खांदा, नजर हातावर राहिली की क्षितिजावर, एवढ्यावरून पाहणाऱ्याला कळते की हा माणूस निरोप देतो आहे की रिक्षा थांबवतो आहे. याच्या जोडीला विद्यार्थी शिक्षकाविना, गटागटाने, दिलेल्या विषयावर स्वतः प्रसंग रचतात आणि तो सर्वांसमोर सादर करतात. शिक्षक उपाय सांगत नाहीत. कोणता क्षण जिवंत नव्हता तेवढे दाखवतात. सुचलेल्या गोष्टींपैकी बहुतेक टाकून द्यायला इथे शिकावे लागते, आणि हे शिक्षण लेखकाच्या शिक्षणाहून सोपे नाही.

शाईदौत: पॅरिसच्या दोन वर्षांची ढाल करून आपण शनिवार-रविवारच्या शिबिरांचा बचाव करत आहात. काल टीका झाली ती त्या शिबिरांवर, लकॉक यांच्यावर नव्हे. मराठीत शरीरांनी रचलेल्या दृश्याचे नाव काढले की प्रत्येकाला ‘घाशीराम कोतवाल’मधली माणसांची भिंत आठवते, १९७२ च्या त्या प्रयोगामागे तेंडुलकरांची संहिता होती, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते.

आता माझ्या मूळ दुखण्याविषयी. एका संस्थेने मला तालमींना बसवले. मुले उत्स्फूर्तपणे बोलत, मी घरी जाऊन त्यातून वाक्ये घडवत असे आणि दुसऱ्या दिवशी तीच वाक्ये मुले म्हणत. प्रयोगाच्या पत्रकावर छापले गेले ‘समूहनिर्मिती’, आणि माझे नाव ‘आभार’ या मथळ्याखाली, चहावाल्याच्या शेजारी आले. चहावाल्याविषयी मला आदरच आहे, पण ती वाक्ये त्याने लिहिली नव्हती.

तालीम_रोज: आपल्यावर अन्याय झाला, हे मान्य. पण तो त्या संस्थेने केला, पद्धतीने नव्हे. लेखकाचे नाव गाळणारे निर्माते छापील संहितेच्या नाटकातही भेटतात. आणि ज्या नटाच्या तोंडून ते वाक्य पहिल्यांदा निघाले, त्याचे नाव आपण कुठे घातले असते?

शाईदौत: नट बोलतो आणि लेखक निवडतो. निवड हेच खरे काम, असे आपणच वर लिहिले आहे. माझ्या बाबतीत मात्र तो नियम लागू करायची आपली तयारी दिसत नाही.

पडद्यामागची: श्रेयाचा वाद नंतर मिटवा, आधी माझ्यासारख्या व्यवस्थापकांचे ऐका. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, संहिता सादर करावी लागते. ज्या नाटकाचा शेवट रंगीत तालमीतही बदलतो त्याची संहिता मी कुठून आणायची? शेवटी तालमीचे ध्वनिमुद्रण ऐकून मीच सगळे उतरवून काढले. प्रयोगात सर्वांत अस्वस्थ करणारा भाग पूर्ण मूक होता, एका बाईला गर्दी हळूहळू भिंतीशी रेटत नेते असा. कागदावर त्याच्या तीन ओळी झाल्या. मंडळाने वाचले ते आमचे नाटक नव्हतेच.

शाईदौत: ताई, मग संहिता आधी लिहून घ्यावी, हाच त्याचा अर्थ.

पडद्यामागची: मुळीच नाही. हा पूर्वपरीक्षणाचा नियमच नको, हा त्याचा अर्थ. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये या सक्तीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती. त्याआधी ‘सखाराम बाइंडर’साठी त्याचे दिग्दर्शक कमलाकर सारंगांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. आपण लेखक असूनही सेन्सॉरची बाजू घेता, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शाईदौत: मी सेन्सॉरची बाजू घेतलेली नाही. जे शब्द माझ्या तोंडी नव्हते ते घालू नका. तो अनुभव मी एकदा घेतला आहे.

कुडाळकर: दोन्ही बाजूंनी आमच्या दशावताराची आठवण काढली नाही, याचे आश्चर्य वाटते. आमच्याकडे लिखित संहिता नसते; कथानक ठरते आणि नट रंगमंचावर आपले भाषण स्वतः रचतो. पण तो नट पुराणकथा लहानपणापासून ऐकत आलेला असतो, आणि समोरच्याने अनपेक्षित प्रश्न टाकला तर पात्राला शोभेल असेच उत्तर द्यायचे, हे तो वर्षानुवर्षे रात्री जागवून शिकतो. शहरातले शिबिरवाले आमच्याकडे येतात, एक रात्र प्रयोग पाहतात, चित्रीकरण करतात आणि पुढच्या महिन्यात ‘लोकपरंपरेतील इम्प्रोव्हायझेशन’ शुल्क घेऊन शिकवतात. ज्याच्याकडून शिकले त्याला त्यातला एक पैसाही पोहोचत नाही. श्रेयाची चर्चा करायचीच असेल तर तिथून सुरू करा.

तालीम_रोज: कुडाळकर, पैशाच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. परंतु दशावतारात उत्स्फूर्तता मुख्यतः वाणीची आहे आणि तिला ओळखीच्या कथेचा आधार आहे. आम्ही ज्या कामाविषयी बोलतो त्यात कथाही तालमीतच सापडायची असते. लकॉक यांच्या पद्धतीतला एक खेळ सांगतो. मंच ही मध्यभागी टेकू दिलेली फळी आहे असे समजायचे. एक नट आत आला की ती कलते, दुसऱ्याने समोर उभे राहून तोल साधायचा, मग पहिला हलला की दुसऱ्याला हलावेच लागते. शब्द नसतात, विषय नसतो. तरीही काही वेळाने त्या दोघांपैकी कोण कोणाला नाचवतो आहे हे पाहणाऱ्याला स्पष्ट दिसू लागते, आणि नाटक तिथे सुरू होते. ही रचना टेबलाशी बसून सुचत नाही.

शाईदौत: हा खेळ मी पाहिला आहे आणि तो परिणामकारक आहे, एवढे मान्य करतो. त्यातून तीन मिनिटे उभी राहतात. दीड तास टिकणारे नाटक त्यातून उभे राहते, हे अजून कोणी मला पटवलेले नाही. आणि पुन्हा कोणी तालमीला बोलावले, तर पत्रकावर माझे नाव कुठे येणार, हे पहिल्या दिवशी लेखी मिळाल्याशिवाय मी दाराच्या आत पाऊल टाकणार नाही.

पडद्यामागची: तो कागद मी स्वतः तयार करून देईन. त्यात नटांचीही नावे असतील.