वैरी गेला तेव्हा तुम्हाला काय वाटलं? (अनुभव धागा)

२ मे २०११ रोजी ओसामा बिन लादेन मारला गेल्याची बातमी आली आणि व्हाइट हाउसबाहेर झेंडे घेऊन नाचणारी तरुण पोरं टीव्हीवर दिसली. लगेच मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाने एक वाक्य जगभर फिरलं: शत्रू असला तरी त्याच्या मरणाचा आनंद मी करणार नाही, अशा अर्थाचं. ते किंग यांचं नव्हतंच. एका बाईंनी आपलं वाक्य लिहून त्याला किंग यांचा खराखुरा उतारा जोडला होता. पुढे ढकलता ढकलता अवतरणचिन्हं गळून पडली. (बाईंचं वाक्य चांगलंच होतं. पण मोठं नाव चिकटल्याशिवाय कोण ऐकतंय!)

वाद घालायला हा धागा नाही. ज्याने तुमचं खरोखर वाईट केलं तो माणूस गेल्याचं कळलं, तेव्हा नेमकं काय झालं तेवढं लिहा. नावं नकोत. हयात पुढाऱ्यांवर गाडी नेऊ नका.

रातकिडा
माझे वडील. ते गेले त्या रात्री मला गाढ झोप लागली. दारात किल्लीचा आवाज आला की आम्ही भावंडं दिवा बंद करून झोपेचं सोंग घ्यायचो. आई सोंग घेऊ शकत नव्हती. ते गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण मला म्हणायचा, "रडून घे, मोकळी हो." मी मोकळीच होते. भाऊ आणि मी रात्री स्वयंपाकघरात बसून कशावरून तरी इतके हसलो की आईने दार लोटून घेतलं, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. याला आनंद साजरा करणं म्हणत असाल तर हो, केला.

कोरा कागद
रातकिडा, "मरणान्तानि वैराणि" हे तुम्हाला कुणीतरी ऐकवलं असेलच. ऐकवणारे त्याच्या आधीचा भाग सांगत नाहीत. वाल्मीकि रामायणात रावण पडल्यावर त्याचे अंत्यसंस्कार करायला बिभीषण आधी नकार देतो. हा भावाच्या रूपातला माझा शत्रू होता, असं म्हणतो. वैर मरणाबरोबर संपलं, हे त्यावरचं रामाचं उत्तर आहे. म्हणजे समजूत घालणारा बाहेरचा आणि अडून बसलेला घरातला. मला ही जागा फार खरी वाटते. ज्याने त्या माणसाबरोबर एका छपराखाली दिवस काढलेत त्याला मन मोठं करायला वेळ लागतो, आणि तो त्याला मिळायला हवा.

आडवा छेद
माझा जुना साहेब. माझं काम स्वतःच्या नावावर खपवलं आणि वर मलाच कामचुकार ठरवून नोकरीवरून काढलं. पुढे कित्येक वर्षं आंघोळ करताना मी त्याला सुनावत असे. मुद्दे पाठ होते. तो गेल्याचं सांगायला जुन्या सहकाऱ्याचा फोन आला, तर गडी म्हणतो, "अभिनंदन!" मला आनंद झाला नाही, दुःख तर नाहीच. संताप आला, की हा सुटला. आता ते सगळं ऐकवायचं कुणाला? दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना तोंडून शब्द फुटेना.

उंटावरचा
सगळे फार सभ्य लिहिताय. ८ एप्रिल २०१३ ला ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर गेल्या तेव्हा लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये आणि ग्लासगोत लोक रस्त्यावर येऊन नाचले. चेटकीण मेल्याचं एक जुनं गाणं लोकांनी ठरवून विकत घेतलं आणि ते ब्रिटनच्या गाण्यांच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर नेलं. अंत्ययात्रेच्या दिवशी यॉर्कशरच्या गोल्डथॉर्प गावात त्यांचा पुतळा जाळला. १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप त्यांच्या सरकारने मोडला, पाठोपाठ खाणी बंद झाल्या, त्यात या गावाचं कंबरडं मोडलं होतं. जिवंतपणी त्या बाईंच्या केसालाही ज्यांना धक्का लावता आला नाही त्यांनी एक दिवस नाचून घेतलं, तर बिघडलं काय? सत्तेतल्या माणसाचं मरण आणि कुणाच्या वडिलांचं मरण एकाच तागडीत टाकू नका.

कोरा कागद
सत्तेतला माणूसही कुणाचा तरी बाप असतोच की. पण तुमचा मुद्दा पटतो अर्धा. गोल्डथॉर्पवाल्यांचं समजू शकतो. ज्यांचं काहीच गेलं नव्हतं आणि केवळ मजा म्हणून गाणं विकत घेतलं, त्यांचं नाही.

जुना बूट
फौजेत होतो. एवढंच सांगतो, समोरचा पडल्यावर टाळ्या पिटणारे मला सीमेपासून लांबच जास्त भेटले. १९९९ च्या कारगिल युद्धात टायगर हिलवर पडलेल्या कॅप्टन कर्नल शेर खान ('कर्नल' हा हुद्दा नव्हे, नावच) या पाकिस्तानी अधिकाऱ्याच्या खिशात आपल्या ब्रिगेडियरने चिठ्ठी ठेवली होती, हा शौर्याने लढला म्हणून. पुढे त्याला त्याच्या देशाचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. आम्हाला आनंद झाला नव्हता असं नाही. शिखर हाती आल्याचा भरपूर झाला होता.

पाणवठा
मी दुसऱ्या बाजूची. माझ्या बाबांवर पुष्कळ लोकांचा राग होता, आणि तो खोटा नव्हता. व्यवहारात त्यांनी माणसं बुडवली, घरं गेली लोकांची. मला ते मान्य आहे. बाबा गेले त्या दिवशी निरोप पटापट पोचावेत म्हणून एका नातेवाइकाने मला एका ग्रुपमध्ये घेतलं. मी त्यात आहे हे बाकीच्यांच्या लक्षात आलं नाही. नाचणारी चित्रं, "एकदाचा गेला", एकाने तर पुढचा नंबर कुणाचा यावर पैज लावली. मी ते सगळं वाचलं. ज्यांचं घर बाबांनी घालवलं होतं ते काका त्याच ग्रुपमध्ये होते. त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. उड्या मारणाऱ्यांपैकी बहुतेकांचा बाबांशी आयुष्यात कधी व्यवहारच झाला नव्हता. उंटावरचा, तुमच्या त्या पुतळा जाळणाऱ्यांचा मला तेवढा राग येणार नाही. या फुकट्यांचा येतो.

उंटावरचा
यावर माझ्याकडे उत्तर नाही. ते काका नंतर भेटले का?

पाणवठा
आले होते घरी. बाबांबद्दल चांगलं काही बोलले नाहीत, वाईटही नाही. मला म्हणाले, कागदपत्रं आवरताना माझ्या जागेचे सापडले तर दे. सापडले, दिले.

नवीन सभासद
माझा अनुभव अजून झालेला नाही, तरी लिहू का? सख्खी मावशी. आईचं लग्न तिने मोडायला लावलं, खोटी पत्रं लिहून. आता ती दवाखान्यात आहे, फार दिवस नाहीत म्हणतात. रोज सकाळी फोन उघडताना बातमी आली असेल का हे बघते आणि नसली की हिरमुसते. स्वतःचीच भीती वाटायला लागली आहे. जाऊन भेटावं का?

रातकिडा
हिरमुसण्याची भीती नको बाळगूस. मी ते लहानपणी कित्येकदा केलंय, वडिलांना घरी यायला उशीर झाला की. भेटायचं म्हणशील तर आधी तिच्या मुलांना विचार, ती शुद्धीवर आहे का, बोलते का. बोलत असेल तर जा आणि पत्रं का लिहिलीस ते विचार, मग तिला आवडो न आवडो. ती बोलत नसेल तर नुसतं चेहरा बघायला जाऊ नकोस.

आडवा छेद
आणि जाणार असशील तर या आठवड्यातच जा.